त्वचेवरचे आम्ल कसे थांबते

रासायनिक पील ही त्वचेवर आम्ल लावून तिचा वरचा थर ठरावीक खोलीपर्यंत जाणूनबुजून दुखावण्याची आणि त्वचेच्या भरून येण्याच्या स्वाभाविक क्षमतेचा उपयोग करून त्या जागी नवा, अधिक एकसारखा थर घडवून घेण्याची वैद्यकीय पद्धत होय. वांग, मुरुमांनंतर उरलेले काळे डाग, उथळ खड्डे, उन्हाने निबर झालेली त्वचा अशा अनेक तक्रारींवर ती वापरली जाते. येथे इजा हेच उपचाराचे साधन असल्याने यश आणि अपाय यांच्यातील अंतर फार थोडे, बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके असते. त्यामुळे आम्ल कोणते आणि किती टक्क्यांचे या प्रश्नांइतकाच ते नेमके कशाने थांबते हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक आम्लासाठी वेगळे आहे. काही आम्लांना माणसाच्या हाताने थांबवावे लागते, काही आपोआप संपतात आणि काहींच्या बाबतीत दिसण्याजोगा परिणाम दिसेपर्यंत थांबवण्याची वेळ निघून गेलेली असते. सगळ्या पीलवर शेवटी एकच ‘न्यूट्रलायझर’ फिरवायचा असतो, ही सर्रास आढळणारी समजूत म्हणूनच धोकादायक आहे.

खोलीचा हिशेब समजण्यासाठी त्वचेची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सर्वांत वर मृत, चपट्या, केराटिन या प्रथिनाने भरलेल्या पेशींचा शृंगस्तर असतो आणि चेहऱ्यावर त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर असते. त्याखाली जिवंत पेशींची बाह्यत्वचा असते, जिच्या तळाशी रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी बसलेल्या असतात, आणि तिच्याखाली रक्तवाहिन्या, मज्जातंतू व कोलॅजनचे तंतू असलेली अंतस्त्वचा असते. उथळ पील बाह्यत्वचेतच थांबते, मध्यम पील अंतस्त्वचेच्या वरच्या भागाला पोहोचते, तर खोल पील तिच्या मध्यापर्यंत जाते. बाह्यत्वचेची इजा केसांच्या मुळांतून आणि घर्मग्रंथींतून वर येणाऱ्या पेशींमुळे व्रण न राहता भरून निघते. अंतस्त्वचेत इजा जसजशी खोल जाते, तसतशी व्रण राहण्याची शक्यता वाढते.

या उपचाराची वैद्यकीय परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी डागांवर साल काढणारी द्रव्ये वापरली आणि १८८२ मध्ये हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सोन उन्ना यांनी सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल व ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचे त्वचेवरील परिणाम नोंदवले. आज दवाखान्यांत सर्वाधिक वापरले जाणारे ग्लायकोलिक आम्ल मात्र बरेच नंतर आले. अमेरिकेतील यूजीन व्हॅन स्कॉट व रुई यू यांनी १९७४ मध्ये अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा त्वचेच्या केराटिनीभवनावरील परिणाम प्रसिद्ध केला आणि त्यानंतर या कुलातील आम्लांना सौंदर्योपचारांत स्थान मिळाले. ग्लायकोलिक आम्ल उसाच्या रसात, लॅक्टिक आम्ल दह्यात आणि मँडेलिक आम्ल कडू बदामांत सापडणाऱ्या द्रव्याशी निगडित असल्याने त्यांना ‘फळांची आम्ले’ असे गोंडस नाव मिळाले आहे. बाटलीत भरलेले द्रव्य मात्र कारखान्यात तयार झालेले, संहत आणि दाहक असते. नावातील फळामुळे त्याची तीव्रता तसूभरही कमी होत नाही.

उदासिनीकरणाची खरी गरज या अल्फा हायड्रॉक्सी आम्लांनाच आहे. ग्लायकोलिक आम्लाचा रेणू या कुलात सर्वांत लहान, रेणुभार सुमारे ७६, आणि म्हणून सर्वांत चपळ असतो. मँडेलिक आम्लाचा रेणुभार १५२ म्हणजे त्याच्या दुप्पट असल्याने ते सावकाश झिरपते. ग्लायकोलिक आम्ल त्वचेत गेले तरी तेथील प्रथिनांशी बांधले जाऊन लगेच संपत नाही. पृष्ठभागावर साठा असेपर्यंत ते आत उतरत राहते. त्यामुळे या पीलची खोली संहतीबरोबरच लावून ठेवलेल्या वेळेवरही अवलंबून असते आणि तीन मिनिटांत उथळ राहिलेले तेच द्रव्य सात मिनिटांत बाह्यत्वचा ओलांडू शकते.

येथे सामू, म्हणजेच पीएच, ही संकल्पना निर्णायक ठरते. सामू हे आम्लतेचे लघुगणकीय मोजमाप असून तो एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ५ च्या आसपास, तर ७० टक्क्यांच्या, सामू न बदललेल्या ग्लायकोलिक द्रावणाचा १ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली असतो. त्वचेत शिरते ते आम्लाचे मुक्त, विद्युतभाररहित रूप, आणि त्याचे प्रमाण सामूवर ठरते. ग्लायकोलिक आम्लाच्या बाबतीत ३.८३ या सामूला निम्मे आम्ल मुक्त आणि निम्मे क्षाररूपात असते. एक पायरी खाली, २.८३ ला, सुमारे ९१ टक्के मुक्त असते, तर एक पायरी वर, ४.८३ ला, जेमतेम ९ टक्के उरते. याचा व्यवहारातील अर्थ असा की दोन बाटल्यांवर ‘७० टक्के’ हाच आकडा छापलेला असूनही एकीची ताकद दुसरीच्या कितीतरी पट असू शकते. ज्या बाटलीवर टक्केवारी आहे पण सामू नाही, ती बाटली उपचार करणाऱ्याला अर्धीच माहिती देते.

या आम्लाला थांबवण्यासाठी प्रचलित असलेले द्रव्य म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा. आम्लाशी त्याचा संयोग होताच सोडियम ग्लायकोलेट हा क्षार, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि चेहऱ्यावर फेस दिसतो तो याच वायूचा. हा फेस उपयुक्त खूण आहे. जोवर सोडा टाकल्यावर फसफस होते तोवर तेथे आम्ल शिल्लक असते आणि नवे द्रावण टाकूनही फेस येईनासा झाला की पृष्ठभागावरील आम्ल संपले असे समजता येते. अनेक रुग्णांना या क्षणी जळजळ किंचित वाढल्यासारखी वाटते आणि मग ती झपाट्याने उतरते. याची कल्पना आधी दिलेली असली तर ते दचकून डोळ्यांकडे हात नेत नाहीत.

सोडा किती लागतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. रसायनशास्त्राच्या हिशेबाने ७६ ग्रॅम ग्लायकोलिक आम्लाला ८४ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागते. म्हणजे चेहऱ्यावर ७० टक्क्यांचे २ मिलिलिटर द्रावण लागले असेल तर त्यात सुमारे १.८ ग्रॅम आम्ल असते, त्यासाठी साधारण २ ग्रॅम सोडा आणि म्हणून १० टक्क्यांचे किमान २० मिलिलिटर द्रावण प्रत्यक्ष त्वचेपर्यंत पोहोचावे लागते. सोड्यात बुडवून पिळलेला एखादा गॉजचा तुकडा चेहऱ्यावरून फिरवल्याने हे काम होत नाही. केसांची कड, नाकपुड्यांच्या बाजू, हनुवटीखालची घडी अशा जागी आम्ल तसेच राहते आणि दवाखान्यातून बाहेर पडल्यावरही आपले काम करत राहते. द्रावण भरपूर, वाहते आणि आधीच तयार ठेवलेले असावे लागते, कारण चेहरा लाल झाल्यावर सोडा मोजायला घेणे म्हणजे आम्लाला तेवढी मिनिटे फुकट देणे होय. साध्या तापमानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅमपेक्षा फारसा सोडा विरघळत नाही. म्हणून तळाशी कण उरले तर वरचे निवळ द्रावणच घ्यावे, अन्यथा ते कण दुखावलेल्या त्वचेवर घासले जातात.

नुसते पाणीही चालते काय, या प्रश्नाचे उत्तर पाण्याच्या प्रमाणावर आहे. पाणी आम्लाला निष्प्रभ करत नाही, केवळ विरळ करते आणि वाहून नेते. ७० टक्क्यांचे द्रावण दहापट विरळ झाले तरी ७ टक्क्यांचे आणि २ च्या जवळपास सामूचे आम्ल मागे उरते. त्यामुळे ओल्या टिशूने पुसणे पुरेसे नाही, पण अनेक मिनिटे सतत वाहणारे गार पाणी निश्चितच काम करते, आणि सोडा हाताशी नसेल तर त्याच्या शोधात वेळ न दवडता पाणी सुरू करणे हाच बरोबर निर्णय असतो.

आम्लाला मारायचे तर तीव्र अल्कली का वापरू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. सोडियम बायकार्बोनेट निवडले जाते ते त्याच्या सौम्यपणामुळे. त्याच्या द्रावणाचा सामू ८ च्या थोडा वर असतो आणि सोडा जास्त झाला तरी तो तेथून फार पुढे जात नाही. तीव्र अल्कली आणि आम्ल यांच्या संयोगातून मात्र मोठी उष्णता बाहेर पडते आणि अल्कली उरली तर ती प्रथिने व स्निग्ध द्रव्ये विरघळवत आम्लापेक्षाही खोल जाते. येथेच एका घरगुती गोंधळाचा उल्लेख आवश्यक आहे. खाण्याचा सोडा आणि कपडे धुण्याचा सोडा ही दोन वेगळी रसायने आहेत. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट असून त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या आसपास पोहोचतो. पांढरी पूड, सारखे नाव आणि लेबल नसलेली बरणी एवढ्या तीन गोष्टी जुळल्या की भाजलेल्या त्वचेवर दुसरी भाजणी होण्यास वेळ लागत नाही. बेकिंग पावडरही पर्याय नव्हे, कारण तिच्यात सोड्याबरोबर घन आम्ल आणि स्टार्च मिसळलेले असतात.

उदासिनीकरण केव्हा करायचे, हे ठरवताना घड्याळ आणि त्वचा या दोहोंत त्वचेचा शब्द अखेरचा असतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने, आयएडीव्हीएलने, २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्लायकोलिक पील आधी ठरवलेल्या वेळेनंतर, सामान्यतः तीन मिनिटांनी, थांबवावे. परंतु त्याआधीच लाली उमटली, बाह्यत्वचा सुटून राखाडी-पांढरी दिसू लागली किंवा बारीक फोड आले, तर वेळ कितीही झालेली असो, १० ते १५ टक्क्यांच्या सोडियम बायकार्बोनेटने तत्काळ थांबवावे. चेहऱ्याचे सगळे भाग एका वेगाने प्रतिसाद देत नाहीत. नाकाच्या बाजू, ओठांचे कोपरे, नुकतेच खाजवलेले किंवा दाढी केलेले भाग लवकर पेटतात. अशा जागांवर सोड्यात भिजवलेली कापसाची काडी टेकवून तेवढाच भाग आधी शांत करता येतो आणि उरलेला चेहरा ठरलेल्या वेळेपर्यंत ठेवता येतो. हे कौशल्य लेबल वाचून येत नाही. त्यासाठी चांगला प्रकाश लागतो, सबंध वेळ चेहऱ्यावर खिळलेली नजर लागते आणि त्या तीन मिनिटांत फोन उचलण्यासाठी किंवा दुसऱ्या खोलीतील रुग्णासाठी उठून न जाण्याची शिस्त लागते.

एवढे करूनही उदासिनीकरणाची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. सोडा पृष्ठभागावरील साठा नष्ट करतो आणि आत जाणारा पुरवठा तोडतो. जे आम्ल आधीच आत उतरले आहे ते ऊतींतील द्रवांत विरळ होत होत शमते आणि जी पेशी मेली ती सोड्याने परत येत नाही.

सॅलिसिलिक आम्लाची गोष्ट अगदी निराळी आहे. ते स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्याने तेलकट त्वचेच्या रंध्रांत शिरते आणि म्हणून मुरुमांसाठी विशेष उपयोगी पडते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ पर्ल ग्राइम्स यांनी १९९९ मध्ये गडद वर्णाच्या त्वचेवरील त्याचा वापर प्रसिद्ध केल्यापासून आपल्यासारख्या वर्णांसाठीही त्याला पसंती मिळाली. २० ते ३० टक्क्यांचे हे पील अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असते. मिनिटा-दोन मिनिटांत अल्कोहोल उडून जाते, चेहऱ्यावर पांढरे स्फटिक उरतात आणि द्रवरूप माध्यमच न राहिल्याने आत शिरण्याची क्रिया जवळजवळ थांबते. येथे उदासिनीकरणाची गरज नसते. तीन ते पाच मिनिटांनी जळजळ ओसरली की स्फटिक पाण्याने धुऊन काढायचे असतात. या पांढरेपणाला आभासी हिम म्हणतात आणि तो बोटाने पुसला जातो, हा त्याचा आणि पुढे वर्णन केलेल्या खऱ्या हिमाचा फरक प्रत्येक नवशिक्याने हाताला शिकवून ठेवला पाहिजे. सॅलिसिलिक आम्लाचा धोका वेगळ्या दिशेने येतो. पाठ, छाती, हात अशा मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी लावल्यास ते रक्तात शोषले जाऊन कानात आवाज येणे, चक्कर, श्वासाची गती वाढणे अशी लक्षणे उद्भवू शकतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना ते टाळले जाते. रिसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आणि लॅक्टिक आम्ल प्रत्येकी १४ ग्रॅम घेऊन अल्कोहोलमध्ये १०० मिलिलिटर केलेले जेसनरचे द्रावणही याच प्रकारे वागते. त्याची खोली वेळेपेक्षा थरांच्या संख्येवर ठरते आणि झाकण नीट न लावलेल्या बाटलीतून अल्कोहोल उडाले की तेच द्रावण न सांगता अधिक तीव्र होते.

ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल, व्यवहारात टीसीए, हे या सर्वांत कठोर शिक्षक आहे. ते त्वचेतील प्रथिनांना तत्काळ गोठवते. अंड्याचा पांढरा भाग तापल्यावर जसा दुधी व घट्ट होतो, तशीच ही क्रिया असून तिच्यामुळे त्वचेवर उमटणाऱ्या पांढऱ्या छटेला हिम म्हणतात. प्रथिने गोठवता गोठवता आम्ल स्वतः खर्ची पडते, म्हणजे त्वचाच त्याचे उदासिनीकरण करते. म्हणूनच हिम दिसू लागल्यावर सोडा ओतून झालेला परिणाम उलटवता येत नाही. काही चिकित्सक या टप्प्यावर सोड्याचे द्रावण, तर बरेचजण गार पाण्याच्या पट्ट्या वापरतात. त्यांनी पृष्ठभागावरील उरलेसुरले आम्ल जाते आणि आग शमते, खोली मात्र आधीच ठरून गेलेली असते. या आम्लाच्या बाबतीत सुरक्षितता लावण्यापूर्वीच्या आणि लावण्याच्या क्षणांत असते. टक्केवारी कमी निवडणे, गॉज टिपटिप गळेल इतका ओला न ठेवणे आणि एका थराचा परिणाम पूर्ण दिसण्यासाठी तीन-चार मिनिटे थांबल्याशिवाय दुसरा थर न लावणे, ही त्याची खरी पथ्ये होत. तुटक पांढरे ठिपके आणि मागे लाली ही उथळ परिणामाची खूण, पांढऱ्या थराआडून लाली दिसणे ही मध्यम परिणामाची, आणि लाली पूर्ण झाकून टाकणारा घट्ट पांढरा थर ही धोक्याच्या सीमेची. त्याला राखाडी-पिवळट झाक आली तर आम्ल अंतस्त्वचेच्या खोल भागात पोहोचले असे समजावे. ५० टक्के व त्याहून तीव्र टीसीए संपूर्ण चेहऱ्यावर लावणे व्रणांच्या भीतीमुळे सोडून देण्यात आले आहे.

फिनॉलच्या पीलमध्ये तर सोड्याचा काहीच उपयोग नाही. फिनॉल इतके क्षीण आम्ल आहे की ते सोडियम बायकार्बोनेटशी संयोगच पावत नाही. बारावीच्या प्रयोगशाळेत कार्बॉक्सिलिक आम्ल आणि फिनॉल यांतील फरक याच कसोटीने ओळखतात. तरीही ते त्वचेतून वेगाने शोषले जाऊन हृदयाची लय बिघडवू शकते, म्हणून हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवून, चेहऱ्याचा एकेक भाग करून आणि मध्ये सुमारे पंधरा मिनिटांची विश्रांती देऊनच ते लावले जाते. गडद त्वचेत त्यामुळे कायमचे पांढरे पट्टे राहू शकतात. आयएडीव्हीएलच्या वर उल्लेखिलेल्या सूचनांत खोल पील भारतीय त्वचेसाठी सुचवलेली नाहीत, हे त्यामुळे योग्यच आहे.

डोळ्यांबाबतचा नियम स्वतंत्र आहे. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठ यांवर आधी पेट्रोलियम जेली लावली जाते, डोके उंच ठेवले जाते आणि आम्लाची वाटी किंवा भिजलेला गॉज रुग्णाच्या चेहऱ्यावरून आडवा नेला जात नाही. डोळ्यांतून पाणी आले तर ते कोरड्या काडीने लगेच टिपावे लागते, कारण अश्रूंच्या ओघळातून आम्ल मानेपर्यंत जाऊ शकते. या आम्लांचा थेंब डोळ्यात गेलाच तर तेथे सोडा वापरायचा नसतो. सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा सतत धुऊन नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचे असते.

घरी किंवा प्रशिक्षण नसलेल्या हातांनी पील करण्याचा प्रश्न ऑनलाइन विक्रीमुळे गंभीर झाला आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये तीव्र संहतीची टीसीए, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक व लॅक्टिक आम्लाची पील वैद्यकीय देखरेखीशिवाय वापरू नयेत, असा इशारा दिला. तेथील सौंदर्यप्रसाधन-तज्ज्ञांच्या समितीने अल्फा हायड्रॉक्सी आम्लांसाठी घरगुती उत्पादनांत १० टक्के व किमान ३.५ सामू, तर प्रशिक्षित व्यक्तीने थोड्या वेळासाठी लावून धुवायच्या सलून-उत्पादनांत ३० टक्के व किमान ३.० सामू अशी मर्यादा सुचवलेली आहे. घरबसल्या मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या बाटल्या या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहेत. लग्नसराईच्या तोंडावर, समारंभाला आठवडा उरलेला असताना असे द्रव्य पहिल्यांदाच चेहऱ्याला लावणे विशेष घातक असते, कारण पूर्वतयारीलाच दोन ते चार आठवडे लागतात. या काळात सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेली मलमे लावून त्वचेचा प्रतिसाद एकसारखा केला जातो. ही पायरी गाळली की आम्ल कोठे उथळ, कोठे खोल जाते, आणि मग उदासिनीकरण कितीही वेळेवर झाले तरी परिणाम ठिपक्याठिपक्यांचा राहतो.

आम्ल ठरल्यापेक्षा खोल गेले आहे असा संशय आला तर धुणे आणि सोडा यांनंतर गार पट्ट्या, साधे मलम, ऊन पूर्ण टाळणे आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाची तपासणी हा क्रम पाळावा लागतो. सुटणारी साल ओढून काढू नये, कारण तिच्याखालची त्वचा अजून तयार झालेली नसते. ओठांवर ज्यांना वारंवार नागिणीसारखे फोड येतात त्यांच्यात ते फोड आणणारा विषाणू पीलनंतर उसळू शकतो, म्हणून अशांना प्रतिविषाणू औषध आधीच सुरू केले जाते. आपल्याकडील सावळ्या त्वचेत दाहाला रंगद्रव्य वाढवून उत्तर देण्याची प्रवृत्ती बळकट असल्याने काही आठवड्यांत काळपट डाग उमटू शकतात आणि ते जायला महिने लागतात. मात्र एखाद्या ठिकाणची लाली तीन आठवडे उलटूनही तशीच टिकून राहिली आणि ती जागा हाताला किंचित जाड लागू लागली, तर तो व्रण तयार होत असल्याचा आरंभीचा संकेत असतो, आणि त्या टप्प्यावर डॉक्टरांनी सुरू केलेले तीव्र स्टेरॉइड मलम त्याची वाढ रोखू शकते.